उतरलेला सूर, उतरलेला चेहरा : संगीत शिकवण्याविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरणारी होती : संगीत शिकवताना विद्यार्थ्याशी कसे वागावे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे मुद्दाम वगळली आहेत.

प्रश्न : मी सहा वर्षांपासून लहान मुलांना गाणे शिकवते. वर्गातील एक दहा वर्षांची मुलगी आरोहात (चढत्या क्रमाने स्वर गाताना) गंधारापाशी, म्हणजे ‘ग’पाशी, आली की सूर सोडते. कार्यक्रमाच्या तयारीच्या घाईत मी सर्वांसमोर तिला म्हणाले, ‘तुला कानच नाही, तू नुसते ओठ हलव.’ तेव्हापासून ती खरोखरच नुसते ओठ हलवते. मला फार अपराधी वाटते. आता काय करावे?

उत्तर : आपण हे पत्र लिहिलेत, यावरूनच ती मुलगी चांगल्या हातात आहे असे मला वाटते. तरी आधी कटू ते सांगते. ‘नुसते ओठ हलव’ हे वाक्य मी कितीतरी प्रौढांच्या तोंडून ऐकले आहे. पन्नाशीत गाणे शिकायला आलेली माणसे पहिल्याच दिवशी, जणू आपला गुन्हा कबूल करावा तशी, ‘मला लहानपणी सांगितले होते की तुझा गळा गाण्याचा नाही’ असे सांगतात. आणि ते कोणी सांगितले, आपण तेव्हा कोणत्या रांगेत उभे होतो, हेही त्यांना लख्ख आठवत असते. म्हणून पहिले काम हे की, ज्यांच्यासमोर ते वाक्य बोललात त्यांच्यासमोरच ते परत घ्यावे. एकांतात माफी मागून भागणार नाही, कारण तिला लाज वाटली ती साऱ्या वर्गाची. ‘मी त्या दिवशी तुला जे म्हणाले ते चूक होते. सूर सापडवून देणे हे माझे काम होते आणि मी घाई केली,’ एवढी दोन वाक्ये पुरेत. भाषण लांबवलेत तर सगळ्यांचे डोळे पुन्हा तिच्यावरच खिळतील. आणि त्याच दिवशी तिला एकटीला गायला मुळीच सांगू नका.

आता कानाविषयी. पेटीवर जवळजवळचे दोन स्वर वाजवा आणि कोणता चढा, कोणता उतरा, एवढेच तिला विचारा. ती बरोबर सांगत असेल तर कान शाबूत आहे, अडचण कान आणि गळा यांच्यामधल्या वाटेवर आहे, आणि ती वाट सरावाने तयार होते. मेंदूच्या जडणघडणीमुळे ज्यांना स्वरांतला फरक मुळातच कळत नाही अशी माणसे असतात हे खरे, परंतु त्यांचे प्रमाण फार थोडे आहे. आपण ज्यांना बेसूर म्हणून मोकळे होतो त्यांतील बहुतेकांना कोणी सूर धरायला नीट शिकवलेलेच नसते.

माझ्याकडे एक नऊ वर्षांचा मुलगा येत असे. मी कोणताही षड्ज (‘सा’) दिला तरी तो त्याच्या खाली कुठेतरी, जवळजवळ बोलण्याच्याच पट्टीत, गुणगुणत राही. एके दिवशी मी तंबोरा बाजूला ठेवला आणि त्याला म्हटले, ‘आज तू सूर धर, मी तुझ्या मागून येते.’ त्याने दबक्या आवाजात ‘आ’ लावला. मी पेटीवर चाचपडत त्याच्या सुराच्या आसपास पोचले आणि मग गळ्याने हळूहळू त्याच्या जवळ सरकले. दोन सूर अगदी जवळ येतात, पण मिळत नाहीत, तेव्हा त्यांच्यात एक थरथर ऐकू येते. सेकंदाला २५६ कंपनांचा आणि २५९ कंपनांचा सूर एकत्र वाजला तर सेकंदाला तीन ठोके पडतात, आणि सूर मिळाला की ते ठोके विरून जातात. आमचे सूर मिळाले तेव्हा त्याने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, ‘थांबलं!’ सूर लागणे म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणी कळले, आणि मुख्य म्हणजे ते त्याच्या स्वतःच्या सुरावर कळले. त्यानंतर आम्ही अर्धा अर्धा स्वर वर सरकत गेलो. वर्गाच्या पट्टीत यायला त्याला पाच महिने लागले.

आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीतही हेच करून पाहावे. तिचा गळा सहज जिथे लागतो तो षड्ज मानून तिथून गंधारापर्यंत जा, कारण कदाचित वर्गाची पट्टीच तिला उंच पडत असेल. सूर देताना पेटीपेक्षा आपल्या गळ्याने द्यावा. माणसाच्या आवाजातला सूर मुलांना लवकर सापडतो. (पुरुष शिक्षकांनी लक्षात ठेवावे की त्यांचा सूर मुलांच्या सुराच्या एक सप्तक खाली असतो आणि काही मुले त्यानेच गोंधळतात.) आणि शब्द बदला. ‘बेसूर’ हा शब्द मुलाला चिकटतो. ‘गंधार थोडा उतरला’ हे वाक्य गंधाराविषयी असते, आणि त्यात काय करायचे तेही सांगितलेले असते : थोडे वर.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून पेटी शिकते. तिच्या शिक्षिका अतिशय प्रेमळ आहेत, कधीही रागावत नाहीत. तिला वर्गाला जायला आवडते, पण मला काळजी वाटते की धाकाशिवाय ती खरोखर काही शिकेल का? जास्त कडक शिक्षक शोधावेत का?

उत्तर : तिला वर्गाला जायला आवडते, हे आपण वाक्याच्या मध्ये घालून पुढे गेलात. माझ्या मते आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे.

या प्रश्नावर अनुमानाने बोलण्याची गरज नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या क्षेत्रांत शिखरावर पोचलेल्या तरुणांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मुलाखती घेतल्या आणि तो अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मैफिली गाजवणारे पियानोवादकही होते. त्यांचे पहिले शिक्षक बहुधा फार मोठे कलावंत नव्हते. घराजवळ राहणारे, मुलांशी मायेने वागणारे, शिकणे आनंदाचे करणारे साधे शिक्षक होते. कठोर शिस्तीचे, बारकाव्यांचे शिक्षक पुढे आले, वाद्याचा लळा पक्का झाल्यावर. इंग्लंडमध्ये जेन डेव्हिडसन, मायकेल हाऊ, डेरेक मूर आणि जॉन स्लोबोडा यांनी वाद्य शिकणाऱ्या २५७ मुलांचा अभ्यास करून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. तेथेही पुढे टिकलेल्या मुलांना आपले पहिले शिक्षक स्नेहाळ आणि मोकळे म्हणून आठवत होते, तर वाद्य सोडून दिलेल्यांना तुसडे म्हणून. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते : चांगली प्रगती केलेली मुले मोठी झाल्यावर शिक्षकाचा स्वभाव आणि शिक्षकाचे कसब या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखू लागली होती. नऊ वर्षांच्या मुलाला हा भेद करता येत नाही. त्याला जे शिक्षक आवडत नाहीत, त्यांचे वाद्यही आवडत नाही.

तरीही आपल्या काळजीत तथ्याचा एक भाग आहे. प्रेमळ असणे आणि ढिले असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून त्या सारख्या दिसू शकतात. म्हणून शिक्षिकेची परवानगी घेऊन एक तास मागे शांत बसून पाहा. मुलगी अडखळली की त्या थांबतात का? प्रत्येक वेळी ‘छान, छान’ म्हणून पुढे जातात, की ‘तिसऱ्या मात्रेवर अंगठा वळायला उशीर होतो आहे, तेवढ्या दोनच मात्रा सावकाश पाच वेळा वाजव’ असे काही सांगतात? मागच्या आठवड्यातली चूक त्यांना आठवते का? कौतुक करतात तेव्हा कशाचे, ते स्पष्ट असते का? ‘आज तू चुकल्यावर लय सोडली नाहीस’ हे कौतुक मुलीला घरी घेऊन जाता येते. नुसत्या ‘शाब्बास’चे ती काय करणार? हे सर्व त्या हसऱ्या चेहऱ्याने करत असतील तर त्यांना सोडू नका. असे काहीच होत नसेल तर दुसरे शिक्षक अवश्य पाहा, मात्र तेही नेमके शिकवणारे असावेत एवढे पाहा. आवाज किती चढवतात यावरून त्यांची पारख करू नका.

एक सूचना आपल्यासाठी. व्हायोलिन शिक्षणाची नवी पद्धत घडवणारे जपानचे शिनिची सुझुकी (१८९८ ते १९९८) यांनी साधी गोष्ट हेरली होती की, प्रत्येक मूल आपली मातृभाषा अस्खलित शिकते, आणि ती शिकताना पहिल्या बोबड्या शब्दावर कोणी त्याला रागावत नाही. उलट घरात सगळे ती भाषा बोलत असतात आणि बोबड्या बोलाचेही कौतुक करतात. त्यांच्या पद्धतीत पालक वर्गात बसतात आणि सुरुवातीला स्वतःही थोडे वाजवायला शिकतात. आपणही मुलीकडून पेटीवरचे एखादे सोपे सरगमगीत शिकून पाहा. बोटे आपल्या सांगण्याप्रमाणे चालत नाहीत याचा अनुभव आठ दिवस घेतलात, की धाकाविषयीचा प्रश्न आपल्याला वेगळा दिसू लागेल.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा उत्तम गात असे. आता त्याचा आवाज मध्येच फाटतो, वर्गातली मुले हसतात. शिक्षकांनी दोन वर्षे गाणे पूर्ण बंद ठेवायला सांगितले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : पूर्ण बंद करण्याची गरज सहसा नसते. या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. नव्या आकाराच्या यंत्राची स्नायूंना सवय व्हायची असते, म्हणून आवाज घसरतो. मुलींचा आवाजही या वयात बदलतो, काही स्वरांनी उतरतो आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते. तो बदल लहान असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही, पण मुलीला स्वतःला येतो, हे गाणे शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

त्याने गावे, पण थोडा वेळ, मऊ आवाजात, जेवढे पाच-सहा स्वर त्या आठवड्यात आरामात लागतात तेवढ्यातच. पट्टी दर काही आठवड्यांनी नव्याने ठरवावी. जुन्या उंच पट्टीचा हट्ट, तार सप्तकातल्या जोरकस ताना आणि घसा दुखत असतानाचे गाणे मात्र टाळावे. आवाज बराच काळ घोगरा राहिला किंवा घसा दुखत राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. ज्या दिवशी आवाज साथ देत नाही त्या दिवशी ताल हाताने धरणे, ऐकलेल्या स्वरसमूहाची सरगम ओळखून लिहिणे असे बरेच काही शिकता येते, आणि मूल संगीतापासून तुटत नाही.

जोसेफ हायडन यांना १७४९च्या सुमारास, आवाज फुटल्यावर, व्हिएन्नातील कॅथीड्रलच्या गायकवृंदातून काढून टाकण्यात आले. पुढे ते युरोपातील अग्रगण्य संगीतकार झाले हे खरे, पण त्या वयातल्या मुलाच्या वाट्याला ते बाहेर काढले जाणे आले, हेही तितकेच खरे. आपल्या मुलाच्या वर्गात आवाज फाटल्यावर हसू येते ते शिक्षकांना थांबवता येईल. स्वरयंत्र कसे वाढते हे सर्व मुलांना एकदा नीट समजावून सांगितले, तर पुढच्या वर्षी ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे ती मुलेही निर्धास्त होतील.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे आणि दीड वर्षापासून व्हायोलिन शिकते. डाव्या मनगटात कळा येतात. सर म्हणतात, दुखल्याशिवाय हात तयार होत नाही. ते माझे मनगट पकडून दाबून ठेवतात, तेही मला नको वाटते, पण सांगायचे कसे?

उत्तर : पहिल्या काही आठवड्यांत तारांमुळे बोटांची टोके हुळहुळतात, ती पुढे घट्ट होतात, ते सोडले तर वाद्य वाजवताना दुखणे ही हात तयार होण्याची खूण नाही. मनगटातली कळ, बधिरपणा, मुंग्या ही थांबण्याची खूण आहे. वाजवणे काही दिवस थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. रॉबर्ट शुमान यांच्या उजव्या हाताचे बोट ऐन विशीत निकामी झाले आणि त्यांचे पियानोवादक होणे तिथेच संपले. लिऑन फ्लायशर या थोर पियानोवादकाची उजव्या हाताची बोटे १९६०च्या दशकात आखडली आणि पुढची सुमारे तीस वर्षे ते मुख्यतः डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत, शिकवत आणि वाद्यवृंदाचे संचालन करत राहिले. आपले दुखणे त्यांच्यासारखे आहे असे मला म्हणायचे नाही, आणि बहुतेक दुखणी वेळेवर लक्ष दिल्यास बरी होतात. हाताची तक्रार पहिल्या दिवशी ऐकायची असते, एवढ्यासाठी ही उदाहरणे दिली.

स्पर्शाविषयी आपल्याला स्पष्ट बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. ‘सर, माझा हात धरू नका. तुमच्या हातावर दाखवा, मी आरशात पाहून तसे करते,’ असे सांगा. एकटीने सांगणे जड जात असेल तर घरातले मोठे कोणी बरोबर घ्या. समंजस शिक्षक ‘बरे झाले सांगितलेस’ म्हणतील. जे रागावतील किंवा तरीही हात धरतील, त्यांच्याकडचे शिक्षण त्या दिवशी थांबवा आणि घरी सर्व सांगा. शिक्षकांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्याचे वय काहीही असो, हाताची ठेवण सुधारण्यापूर्वी ‘हात लावू का?’ असे प्रत्येक वेळी विचारावे, आणि ‘नको’ म्हणणे विद्यार्थ्याला सोपे जाईल अशा स्वरात विचारावे.

प्रश्न : मी तबला शिकवतो. माझे गुरू चूक झाली की बोटांवर मारत, आणि म्हणूनच मी घडलो असे मी मानत आलो. मी मारत नाही, पण तीच चूक पुन्हा झाली की माझा आवाज चढतो आणि नंतर दिवसभर वाईट वाटते. मऊ वागलो तर विद्येची धार जाईल अशीही भीती वाटते. दोन महिन्यांपूर्वी एक गुणी मुलगा यायचा बंद झाला. त्याला फोन करावा का?

उत्तर : ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ असे सांगणारे सर्व जण घडलेले असतात. त्याच मारामुळे ज्यांनी तबला सोडला, त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपण घडलात ते आपल्या गुरूंच्या विद्येमुळे आणि आपल्या रियाजामुळे. मार सोसूनही आपण टिकलात, हे श्रेय आपले आहे. मीही लहानपणी एका अशाच आवाजाखाली शिकले. एका विशिष्ट तानेशी अडखळले की मागून ओरडा पडत असे. ती तान आजही गाते तेव्हा जागा येण्याआधीच माझे खांदे वर जातात. माझ्या शिक्षकांनी मला स्वरज्ञान दिले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण हे खांदेही त्यांनीच दिले आहेत, आणि ते मला कधी उतरवता आले नाहीत.

भीतीने श्वास उथळ होतो, मनगट आवळते, बोटे ताठ होतात. म्हणजे मोकळ्या मनगटाने वाजायचे तिरकिट हे जलद बोल त्या क्षणी वाजू शकत नाही, आणि आपण आणखी चिडता. म्हणून धार जाण्याची भीती मनातून काढून टाका. कायद्याचा (तबल्यावरील ठरावीक बोलांच्या रचनेचा) निकास, म्हणजे बोल काढण्याची पद्धत, जितका काटेकोर मागत होतात तितकाच मागा. बदलायचे ते एवढेच की, तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर घास मोठा झाला असे समजावे आणि तो लहान करावा. दुगुनीत (दुप्पट लयीत) तिरकिट चिकटत असेल तर ठायीत (मूळ संथ लयीत) या, पूर्ण कायदा सोडून तेवढेच बोल घ्या, आधी तोंडाने म्हणवून घ्या, मग हाताने. आणि सुधारणा सांगण्याआधी प्रत्येक वेळी स्वतः एकदा ते वाजवून दाखवायचे अशी सवय लावा. त्या चार-पाच सेकंदांत बहुधा राग ओसरतो, आणि विद्यार्थ्याच्या कानावर ओरड्याऐवजी योग्य बोल पडतो. एखाद्या तासाचे ध्वनिमुद्रण करून ते रात्री एकटे ऐका. मी पहिल्यांदा माझे ऐकले तेव्हा मला सर्वांत जास्त टोचली ती माझी घाई. मूल उत्तर शोधत असतानाच मी बोलून टाकत होते.

त्या मुलाला फोन अवश्य करा, आणि आजच करा. कधीपासून येतोस असे विचारू नका, इतर मुले किती पुढे गेली हेही सांगू नका. माझा आवाज चढत होता आणि तो चढायला नको होता, असे सांगा. तो काय बोलतो ते मध्ये न बोलता ऐका, गप्प बसला तर तेही चालवून घ्या. मग त्याला जो कायदा वाजवायला आवडत असे त्याचे नाव घ्या आणि म्हणा की तो एकदा तुझ्याकडून ऐकायचा आहे, येशील त्या दिवशी फक्त तेवढेच वाजवू.